चोक आत ढकलला की गाडी बंद पडते: ओम्नी, ८०० आणि जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी समस्या निवारण

लक्षणं आधी

तुमची गाडी खालच्या चारपैकी कुठे बसते ते आधी ठरवा. पुढचं अर्धं काम तिथेच होतं.

पहिलं: सकाळी गार इंजिन बराच वेळ सेल्फ मारूनही पेट घेत नाही, पण एकदा गरम झालं की दिवसभर अर्ध्या सेल्फला चालू होतं. इथे चोकचा नॉब ओढूनही त्याची पाकळी (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडातली, हवा अडवणारी चकती) पूर्ण मिटत नसते.

दुसरं: चोक ओढल्यावर लगेच चालू होते, चार-पाच सेकंद चालते, काळा धूर सोडते आणि गुदमरून बंद पडते. इथे पाकळी नीट मिटते, पण इंजिन पेटल्यावर जेवढी फट उघडायला हवी तेवढी उघडत नाही.

तिसरं: इंजिन गरम, नॉब पूर्ण आत, तरी धूर काळा, पेट्रोलचा वास, ॲव्हरेज पडलेलं, प्लग काजळीने माखलेले. पाकळी कुठेतरी अर्धवट अडकून राहते.

चौथं लक्षण सगळ्यात जास्त भेटतं. गाडी चालू होते, चालतेही, पण दहा किलोमीटर गेल्यावर नॉब आत ढकलला की पहिल्या सिग्नलला बंद पडते. म्हणून मालक नॉब अर्धा ओढून ठेवतो, आणि तो आपोआप आत जाऊ नये म्हणून त्याच्या दांडीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावतो. या गाडीचा चोक बहुतेक वेळा पूर्ण निर्दोष असतो.

मराठी गॅरेजमध्ये ‘चोक’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो, हे इथे लक्षात ठेवा. एक म्हणजे गार इंजिनाला घट्ट मिश्रण (पेट्रोल जास्त, हवा कमी) देणारी पाकळी, आणि दुसरा म्हणजे तुंबलेला: ‘जेट चोक झालाय’, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक तुंबलंय. चौथ्या लक्षणाची गाडी घेऊन आलेला माणूस ‘चोकचा प्रॉब्लेम आहे’ म्हणतो आणि शब्द बरोबर असतो, फक्त अर्थ दुसरा असतो. चोक ओढल्यावर इंजिन सुधारतं याचा अर्थ त्याला एरवी पेट्रोल कमी मिळतंय किंवा हवा जास्त मिळतेय. नॉब ओढणं म्हणजे ती उणीव झाकणं.

हे सगळं केबलने ओढायच्या चोकबद्दल आहे, म्हणजे कार्बोरेटरची ओम्नी (माल वाहणारी कार्गो धरून), मारुती ८०० आणि पाकळीचा चोक असलेल्या जुन्या पेट्रोल जीप. डिझेल जीपच्या डॅशबोर्डवर असाच एक नॉब असतो, पण तो इंजिन बंद करायचा असतो; डिझेल इंजिनाला असा चोक नसतोच.

फुकटची तपासणी: चोक वापरायची पद्धत

हत्याराला हात लावण्याआधी हे करून बघा. रात्रभर उभी असलेली गाडी घ्या. ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडा, नॉब पूर्ण ओढा, आणि आता पाय पूर्ण काढून सेल्फ मारा. इंजिन पेटलं की पंधरा-वीस सेकंदांत नॉब अर्धा आत, आणि गाडी एक-दोन किलोमीटर चालेपर्यंत पूर्ण आत. निफाड-नाशिककडे जानेवारीत पारा एक आकडी होतो तेव्हा थोडा जास्त वेळ लागेल. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात बऱ्याच गाड्यांना चोक लागतच नाही, आणि सवयीने ओढला तर गाडी फ्लड होते, म्हणजे आत नको तितकं पेट्रोल साचतं.

फ्लड झालेल्या गाडीत पुन्हा चोक ओढणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. नॉब पूर्ण आत करा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवा (पंप करू नका, प्रत्येक पंपाला आणखी पेट्रोल आत पडतं) आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा. खालची थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरने उघडणारी) पाकळी पूर्ण उघडी राहिल्याने हवा भरपूर जाते आणि साचलेलं पेट्रोल उडून जातं. दोन सेल्फमध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही दमतात.

डोळ्यांनी पाहणं: दोन मिनिटं, एक टॉर्च

इंजिन पूर्ण गार हवं. ओम्नीत पुढची सीट उचलली की इंजिन समोर येतं. ८०० मध्ये बॉनेट उघडा. कार्बोरेटरच्या तोंडावरचं एअर फिल्टरचं झाकण किंवा पाईप काढा. काढण्याआधी आजूबाजूची धूळ फडक्याने पुसा, कारण वरून पडलेला एक वाळूचा कण सरळ आत जातो. तोंडातून काही पडू द्यायचं नाही हा नियम शेवटपर्यंत पाळा; स्क्रू सोडताना तोंडावर स्वच्छ फडकं टाका.

आता दुसऱ्या माणसाला नॉब ओढायला सांगा आणि पाकळीकडे बघा. नॉब पूर्ण बाहेर असताना पाकळी आडवी होऊन गळा बंद झाला पाहिजे. कडेने टॉर्चचा उजेड जाणारी फट असेल तर पहिलं लक्षण समजलं. नॉब पूर्ण आत असताना पाकळी सरळ उभी हवी, वरून बघितलं तर तिची फक्त कड दिसावी. थोडी तिरपी राहिली तर तिसरं लक्षण समजलं.

मिटलेली पाकळी बोटाने हलकेच दाबा. ती स्प्रिंगच्या ताणाने थोडी उघडून परत मिटली पाहिजे. तिचा दांडा बरोबर मधून नसतो, एका बाजूला असतो, तो मुद्दाम: इंजिन पेटलं की आत ओढली जाणारी हवाच तिला थोडी उघडते. बोटाने दाबूनही ती जागची हलत नसेल तर दांड्यावर डिंकासारखं जुनं पेट्रोल साचलंय किंवा लिंक (पाकळी हलवणारी जोडदांडी) वाकलीय.

पाकळी दोन्ही टोकांना बरोबर जात असेल तर केबलचा भाग सोडून पुढे जा.

प्लग आणि एअर फिल्टर

सगळे प्लग काढून ओळीने मांडा. ओम्नी आणि ८०० तीन सिलिंडरच्या आहेत, त्यामुळे फरक लगेच दिसतो. सगळ्यांवर कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण घट्ट आहे. एकच काळा, ओला असेल तर तो प्लग, त्याची वायर किंवा ते सिलिंडर, यांपैकी काहीतरी आहे. चोक फक्त एका सिलिंडरला जास्त पेट्रोल देऊ शकत नाही. पांढरट, भाजल्यासारखे असतील तर मिश्रण पातळ, आणि चौथ्या लक्षणाच्या गाडीत नॉब आत ठेवून चालवल्यावर हेच दिसतं. फिकट तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. गॅप ०.७ ते ०.८ मिमी.

एअर फिल्टर उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला. तुंबलेला फिल्टर म्हणजे कायमचा ओढलेला चोक. परिणाम तोच, हवा कमी. मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या कार्गो ओम्नीत हेच कारण निघतं आणि तोवर मिक्स्चर स्क्रूची (स्लोला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूची) वाट लावून झालेली असते.

केबल

केबलचे दोष मोजके आहेत. बाहेरच्या आवरणाची कार्बोरेटरजवळची पकड सैल होते, आणि मग नॉब ओढला की आतली तार सरकण्याऐवजी आवरणच सरकतं. हात ‘पूर्ण ओढला’ म्हणतो, पाकळी अर्धीच मिटते. दुसरा दोष गंजाचा. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत नॉब ओढताना करकरतो आणि आत जाताना अर्ध्यावर थांबतो. तिसरा, तार वाकून मुडपलेली असते. मुडपलेली तार सरळ करून चालत नाही, त्याच जागी पुन्हा वाकते. केबल बदला, महाग नसते.

गंजलेल्या केबलीत वरून पातळ ऑइलचे थेंब सोडून नॉब वीस-तीस वेळा आत-बाहेर करा. गंज सोडवणारा स्प्रे मारला तर त्यावर ऑइल सोडाच. नुसता स्प्रे दोन आठवड्यांत उडून जातो आणि करकर परत येते.

सेटिंग असं:

१. नॉब पूर्ण आत ढकला, मग दीड-दोन मिलिमीटर बाहेर घ्या.
२. कार्बोरेटरवर तार पकडणारा छोटा स्क्रू सैल करा.
३. पाकळी बोटाने पूर्ण उभी धरून ठेवा आणि तार ढिली न राहता, पण ओढलीही न जाता, स्क्रू आवळा.
४. नॉब पूर्ण आत करा. तारेला किंचित ढील दिसली पाहिजे.
५. नॉब पूर्ण ओढा. पाकळी पूर्ण मिटली पाहिजे.

ती ढील सोडायची कारण इंजिन त्याच्या रबरी माउंटिंगवर हलतं. ढील नसेल तर गाडी धक्क्याला हलली की पाकळी स्वतःहून थोडी मिटते, आणि तिसरं लक्षण अधूनमधून, कारण न सापडता, येत राहतं. चौथी पायरी जमते पण पाचवी जमत नसेल तर आवरणाची पकड पुढे-मागे सरकवून परत करा. तो छोटा स्क्रू फार जोराने आवळू नका, तारेचे धागे तुटतात.

साफसफाई

पाकळीचा दांडा आणि लिंक यांवर कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, पाकळी हाताने हलवत राहा, पुन्हा मारा. दांड्याला ग्रीस किंवा घट्ट ऑइल लावू नका. धूळ धरतं आणि महिन्याभरात आधीपेक्षा वाईट अडकतं. पाकळीला दांड्यावर धरणारे दोन बारीक स्क्रू दिसतील. त्यांना हात लावू नका. त्यांची मागची टोकं ठोकून पसरवलेली असतात ती सुटू नयेत म्हणूनच. सोडून परत बसवलेला स्क्रू एखाद्या दिवशी इंजिनात उतरतो.

चोक बरोबर आहे, तरी आत केला की बंद: इथे खरं काम

पहिलं सोलेनॉइड. कार्बोरेटरच्या अंगाला वायर लावलेला एक छोटा गोल भाग असतो. चावी चालू केली की तो स्लो जेटचा (पाय न दाबता, म्हणजे स्लोला, इंजिन चालेल एवढं पेट्रोल देणाऱ्या जेटचा) रस्ता उघडतो, बंद केली की मिटतो, म्हणजे चावी काढल्यावर इंजिन धडधडत राहत नाही. इंजिन बंद ठेवून चावी चालू करा आणि त्याची वायर काढून परत जोडा. ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर वायरीत बारा व्होल्ट येतात का ते टेस्ट लॅम्पने बघा. व्होल्ट येत असून आवाज नसेल तर सोलेनॉइड गेलाय. तो गेला की स्लोला पेट्रोल मिळत नाही, पाय दाबलेला असेपर्यंत गाडी छान चालते, आणि पाय सोडला की बंद. चिमटा लावलेल्या गाड्यांपैकी पुष्कळ इथेच सुटतात. काही ठिकाणी सोलेनॉइडची आतली सुई कापून टाकतात; गाडी चालते, पण चावी काढल्यावरही इंजिन काही वेळ फिरत राहतं आणि थांबलेल्या इंजिनात पेट्रोल ओघळायचा रस्ता उघडा राहतो. नवा बसवा.

मग हवा कुठून शिरते ते. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरकडे नेणारा भाग) यांच्यामधलं गॅस्केट, ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा पाईप, डिस्ट्रिब्यूटरचा व्हॅक्यूम पाईप. जुने रबरी पाईप टोकाला तडकलेले असतात. वाकवून बघा, तडे उघडतात. इंजिन स्लोला चालू ठेवून एकेक पाईप पकडीने हलकेच दाबा. एखादा दाबल्यावर इंजिन सुधारलं तर तोच. गळती शोधायला चालू इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर शिंपडण्याची पद्धत सर्रास आहे. ओम्नीत ती अजिबात नको, कारण इंजिन सीटखाली आहे आणि ठिणगी पडली तर आग केबिनमध्येच लागते. कार्बोरेटरचे नट मात्र आवळून बघा, कोपऱ्यातून समोरासमोरचे, थोडे थोडे. एकाच बाजूने ताकद लावली तर कार्बोरेटरची पट्टी वाकते आणि मग नवं गॅस्केटही हवा थांबवत नाही.

एवढं करूनही फरक नसेल तर स्लो जेट तुंबलाय. जेट काढून क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा. तार किंवा सुई घालू नका. पितळेचं भोक मोठं झालं की त्या जेटचं माप गेलं.

इथे पेट्रोलबद्दल थोडं. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पटीच्या आसपास. जेट तेच राहिल्याने जुन्या कार्बोरेटरची गाडी आपोआप थोडी पातळ चालते. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून गार सकाळी चोक पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ लागणं हा बिघाड नव्हे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाईप मऊ करतं. त्या पाईपचे कण जेटमध्ये जातात. जेट वर्षातून दोनदा तुंबत असेल तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे पाईप इथेनॉल सोसणारे घाला आणि फिल्टर बदला. जेट साफ करत राहणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. सीएनजी किंवा एलपीजी किट असलेल्या गाडीत महिनोन्‌महिने पेट्रोल वापरलंच जात नाही आणि फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या जागी) ते सुकून डिंक होतं; अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

डायफ्राम: दुसऱ्या लक्षणासाठी

ज्या कार्बोरेटरला चोकच्या लिंकजवळ छोटा चपटा डबा आणि त्याला रबरी पाईप असतो, त्यात डायफ्राम (लवचीक पडदा) आहे. इंजिन पेटलं की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम त्याला ओढतो आणि पाकळीला नेमकी फट देतो. तो फाटला की इंजिन पेटतं आणि लगेच गुदमरतं. औषधाच्या दुकानातली ५० मिलिची सिरिंज पाईपला लावा आणि दट्ट्या ओढा. दांडी आत गेली पाहिजे आणि दट्ट्या धरून ठेवल्यावर दहा सेकंद तिथेच राहिली पाहिजे. सुटून परत आली तर डायफ्राम फाटलाय. आधी पाईप मात्र तपासा. फट किती हवी ते त्या कार्बोरेटरच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि ती ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्याने मोजतात. अंदाजाने लिंक वाकवू नका.

स्क्रू सगळ्यात शेवटी

गाडी गरम, पंखा आणि लाइट बंद, चोक पूर्ण उघडा. मिक्स्चर स्क्रू फिरवण्याआधी तो किती आटे बाहेर आहे ते मोजून लिहा: हलक्या हाताने टेकेपर्यंत आत फिरवा, आटे मोजा, परत तेवढेच बाहेर. जोरात टेकवला तर टोकाला खाच पडते आणि पुढे कोणतंच सेटिंग बसत नाही. हा आकडा लिहून ठेवला नाही तर परतीची वाट उरत नाही. आता पाव-पाव आटा फिरवत इंजिन सगळ्यात सलग चालेल ती जागा शोधा आणि आयडल स्क्रूने स्लो साधारण ८५० ते ९५० आरपीएमवर आणा.

चोक ओढल्यावर रेस वाढते ती लिंकने थ्रॉटल थोडी उघडल्यामुळे. तिचा वेगळा स्क्रू असतो. स्लो बरोबर बसल्यावरच त्याला हात लावा, आणि नॉब आत असताना तो लिंकला टेकत नाही हे बघा. टेकला तर स्लो कधीच खाली येणार नाही आणि तुम्ही आयडल स्क्रू फिरवत बसाल.

नॉबच नसलेल्या गाड्या

अमेरिकेत सत्तरच्या दशकातले फोर्ड, शेव्हरोले पिकअप जपणारे मराठी वाचक असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे ऑटोमॅटिक चोक असतो: गोल काळं झाकण, आत दोन धातूंची गुंडाळलेली स्प्रिंग. गार इंजिनात ॲक्सिलरेटर एकदा दाबल्याशिवाय पाकळी मिटत नाही. झाकणाचे तीन स्क्रू सैल करून एका वेळी एकच खूण फिरवा, आणि पुढची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार झाल्यावर. इलेक्ट्रिक चोकला वीज कॉइलवरून देऊ नका, ठिणगी कमजोर होते. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत ही वीज अल्टरनेटरच्या स्टेटरवरून साधारण सात व्होल्टची येते. तिथे बारा व्होल्ट नाहीत म्हणून वायर बदलू नका.

हात थांबवायची वेळ

कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर ओघळत असेल तर चावीही फिरवू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मेकॅनिकला जागेवर बोलवा. फ्लोटची सुई बसत नाही, आणि गरम इंजिनावर पेट्रोल पडतंय.

डिपस्टिकवरचं ऑइल पातळ झालंय, पातळी वाढलीय, पेट्रोलचा वास येतोय, तर गाडी चालवू नका. घट्ट मिश्रणाचं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, आणि तशा ऑइलवर बेअरिंग जातात. दोष दुरुस्त झाल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

थ्रॉटलचा दांडा बोटाने वर-खाली हलत असेल तर कार्बोरेटरची बॉडी झिजलीय. तिथून शिरणारी हवा कुठल्याच स्क्रूने भरून निघत नाही. बुश बसवणारा कार्बोरेटरचा माहीत माणूस शोधा किंवा दुसरा कार्बोरेटर. ॲल्युमिनिअममधले आटे गेले, जेट अडकून त्याची खाच गोल झाली, फ्लोटची पातळी लावायची आहे, सीएनजी किटच्या पाईपला हात लागणार आहे: यांपैकी काहीही समोर आलं की काम तिथेच सोडा. आणि इंजिन चालू ठेवून तपासणी करायची असेल तर गाडी आधी शेडबाहेर ढकला, कारण घट्ट मिश्रणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो आणि त्याला वास नसतो.